चार डिसेंबरचा प्रश्न

दरवर्षी ३ डिसेंबर उजाडला की आपल्या तालुक्यातालुक्यांतून एक सोहळा पार पडतो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ सालापासून हा दिवस अपंग व्यक्तींसाठी पाळावयास प्रारंभ केला, आणि आपणही तो पाळतो. मांडव पडतो, पाहुणे येतात, शाल-श्रीफळ दिले जाते, तीनचाकी सायकली, कुबड्या आणि शिलाई यंत्रे यांचे वाटप होते, हेलन केलर यांचे नाव प्रत्येक भाषणात एकदा तरी घेतले जाते. सायंकाळी मांडव उतरतो. या सोहळ्यास आमचा विरोध नाही. मिळालेली सायकल उपयोगी पडते, आणि वर्षातून एक दिवस का होईना, माणसाला मानाने पुढे बोलावले जाते, हेही थोडके नव्हे. आमचा प्रश्न त्याच्या दुसऱ्या दिवसाचा, म्हणजे ४ डिसेंबरचा आहे. त्या दिवशी सकाळी ती तीनचाकी सायकल कोणत्या कामाच्या दारात जाऊन थांबावयाची? आणि त्या दारात पाच पायऱ्या असल्या, तर त्या पायऱ्यांचा जाब कोणाला विचारावयाचा?

या प्रश्नाचे जे उत्तर आपल्याकडे रूढ आहे ते असे की, बिचाऱ्याला काम जमत नाही, त्याला काही मदत करावी. हे उत्तर दयाळू दिसते; परंतु ते असत्य आहे असे आमचे म्हणणे आहे, आणि ते असत्य का आहे हे दाखविण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाविषयी. २०१५ साली पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला आणि पाहता पाहता सरकारी पाट्यांवरून ‘अपंग’ हा शब्द पुसला गेला. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग उभारला. नाव आदराने घ्यावे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु पाटीवरील शब्द बदलला आणि पाटीखालची पायरी तशीच राहिली, तर त्या आदराचा उपयोग काय? आमच्या मते या सर्व विषयात अधिक महत्त्वाचा शब्द दुसराच आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात ‘रीझनेबल अकोमोडेशन’ अशी संज्ञा आली आहे. आम्ही तिला ‘वाजवी जुळवणी’ म्हणू. कायदा सांगतो त्याचा आशय असा: अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क भोगता यावेत म्हणून आवश्यक व योग्य ते फेरफार करणे, मात्र त्या विशिष्ट प्रसंगी ते करणाऱ्यावर प्रमाणाबाहेर भार पडू न देणे. या व्याख्येत दयेचा उल्लेख कोठेही नाही. तीत दोन वस्तू आहेत, एक माणूस आणि एक जागा. आणि त्या दोहोंचे जुळत नसेल तर जागेत फेरफार करावा, असे तीत सांगितले आहे.

हा फेरफार म्हणजे अपंगांना दिलेली खास सवलत होय, असे अनेकांना वाटते. वास्तविक जुळवणी प्रत्येक कामाच्या ठिकाणी आधीच झालेली असते; ती फक्त धडधाकट माणसासाठी झालेली असते, म्हणून ती दिसत नाही. कार्यालयात दिवे लावलेले असतात ते डोळसांसाठी. अंध लिपिकाला त्यांची गरज नाही, आणि त्या दिव्यांचे बिल ही डोळसांना दिलेली सवलत आहे असे कोणी म्हणत नाही. उंच फांदीवरील फळ तोडण्यासाठी शिडी दिली जाते, कारण देवाने कोणाचेही हात तेवढे लांब केलेले नाहीत. ती शिडी घेऊन चढणाऱ्या मजुराला आपण पंगू समजत नाही. मग बसून काम करण्यासाठी एक तिवई मागणाऱ्याला तरी तसे का समजावे? शिडी आणि तिवई या एकाच जातीच्या वस्तू आहेत. एकीची आपल्याला सवय झाली आहे, दुसरीची झालेली नाही, इतकाच काय तो फरक.

शिडीचा उल्लेख आम्ही सहज केला नाही. वरूड तालुका संत्र्याचा. ‘विदर्भाचे कॅलिफोर्निया’ म्हणून त्याची ख्याती आहे, आणि येथील रेल्वे स्थानकाच्या नावातही संत्रे येऊन बसले आहे. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतून संत्र्याची कलमे दूरवर जातात. आंबियाची फळे हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मृगाची उन्हाळ्याच्या तोंडाशी उतरतात, आणि त्या दोन्ही हंगामांत या परिसरात हजारो हातांना काम असते. ते काम एकाच प्रकारचे नाही. कलमाला डोळा बांधणे हे बसून करावयाचे, बोटांच्या कौशल्याचे काम आहे. त्याला पायांचे बळ लागत नाही. झाडावरून फळ तोडणे हे उभ्याचे आणि चढण्याचे काम आहे. फळे धुणे, त्यांवर मेण चढविणे, आकाराप्रमाणे ती वेगळी करणे, क्रेट भरणे, त्यांची मोजदाद ठेवणे, गाडीची नोंद करणे, ही कामे निरनिराळ्या शरीरांना निरनिराळ्या प्रकारे साध्य आहेत. ज्याला ऐकू येत नाही त्याला फळाची प्रत ओळखण्यास काहीच अडचण नाही. अडचण येते ती मुकादम पाठीमागून हाक मारतो तेव्हा. ती दूर करावयाची तर मुकादमाने समोर येऊन हाताने खूण करावी, किंवा दिवसाचे काम फळ्यावर लिहून ठेवावे. ज्याचा एक पाय अधू आहे त्याला खाली बसून उठणे जड जाते. त्याच्यासाठी ढीग जमिनीवर न ओतता टेबलावर ओतावा. या उपायांची किंमत किती, हे आमच्या बागायतदारांना आमच्यापेक्षा अधिक कळते. एका फवारणीच्या खर्चाशी तिची तुलना त्यांनी स्वतःच करून पाहावी.

अपंगांना काम जमत नाही, हे म्हणणे तर आकड्यांनीच खोडून काढले आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी २९ लाख ६३ हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होत्या. देशातील या व्यक्तींपैकी सुमारे ३६ टक्के, म्हणजे जवळजवळ ९७ लाख माणसे काम करणारी म्हणून नोंदली गेली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक शेतकरी किंवा शेतमजूर होती. पुरुषांत हे प्रमाण ४७ टक्के, तर स्त्रियांत अवघे २३ टक्के भरले. याचा अर्थ स्पष्ट आहे. अपंग माणूस काम करतो. तो वावरात करतो, उन्हात करतो, कोणतीही जुळवणी न मिळता करतो, आणि बहुधा कमी मजुरीवर करतो. जिथे सावली, खुर्ची आणि महिन्याचा पगार आहे, तिथे मात्र त्याला काम जमणार नाही असे आपण आधीच ठरवून टाकतो.

आता एक असे उदाहरण घेऊ, जे विदर्भाबाहेरील वाचकांना कदाचित अपरिचित असेल. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार या भागात जुना आहे. मध्य भारतातील त्याची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच प्रसिद्ध झाली. आदिवासी व दलित समाजांत तो विशेष आढळतो. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंगात असह्य कळा उठतात. शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम, कडाक्याची थंडी ही या कळांची नेहमीची कारणे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हे सांगावयास नकोच. अशा रुग्णाच्या अंगावर काहीच दिसत नाही. त्याच्याजवळ कुबडी नसते, काळा चष्मा नसतो. तो पुन्हा पुन्हा पाणी प्यायला उठला, दुपारी सावलीत बसला, महिन्यातून दोन दिवस आला नाही, की तो कामचुकार ठरतो आणि पुढच्या हंगामात त्याला बोलावणे येत नाही.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले आणि त्यांत सिकलसेलचा समावेश केला. परंतु त्याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील ज्या ४ टक्के जागा राखल्या, त्यांच्या यादीत रक्ताचे विकार नाहीत. २०२३ च्या जुलैमध्ये सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिचा भर साहजिकच तपासणी आणि उपचार यांवर आहे. तेव्हा या रुग्णाला राखीव खुर्ची नाही. कामाच्या जगात त्याला काही मिळावयाचे असेल तर ते जुळवणीच्या रूपानेच मिळू शकते: हाताशी पिण्याचे पाणी, दुपारच्या कडक उन्हाऐवजी सकाळची पाळी, कळा आल्या तर रजा, आणि ती रजा घेतली म्हणून काम न जाण्याची हमी. चार गोष्टींची ही यादी आहे. तिच्यापैकी एकीलाही इमारत बांधावी लागत नाही. आणि गंमत अशी की, पाणी व सावली यांची ही सोय केली तर तिचा लाभ निरोगी मजुरांनाही होतो.

दुसरे उदाहरण कामावरच अपंग झालेल्यांचे. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. जिनिंगचे कारखाने येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. यंत्रात हात जाणे हा शब्दप्रयोग येथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि जे वाचले त्यांतील कित्येकांच्या डोळ्यांना इजा पोहोचली. अशा माणसांसाठी आपल्या व्यवस्थेने काय योजिले? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. त्यात शरीराच्या एकेका अवयवाची किंमत टक्क्यांनी ठरविली होती: अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्क्यांनी घटली असे समजावे, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्क्यांनी, आणि दुसरा डोळा शाबूत असता एक डोळा गेल्यास ४० टक्क्यांनी. ही भरपाई आवश्यक होती, ती मिळविण्यासाठी कामगारांना झगडावे लागले, आणि तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु या हिशेबात एक विलक्षण उणीव राहिली. गेलेल्या ३० टक्क्यांची मोजदाद झाली. उरलेल्या ७० टक्क्यांचे पुढे काय करावयाचे, हे कोणी विचारले नाही. अंगठा गेलेला कामगार रक्कम घेऊन घरी गेला. यंत्राची मूठ थोडी बदलली असती तर तो उद्या त्याच यंत्रावर उभा राहू शकला असता, हा विचार तक्त्यात बसत नव्हता. भरपाई दिली की ऋण फिटले, अशी समजूत त्यातून रुजली, आणि ती आजही मालकांच्या व कित्येकदा कामगारांच्याही मनात घट्ट आहे.

कायदा मात्र या समजुतीच्या पुढे गेला आहे, हे नमूद केले पाहिजे. १९९५ च्या पहिल्या अपंग व्यक्ती कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. शिवाय कलम ४७ अन्वये, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येणार नाही असे ठरविले. कर्तव्यावर जखमी होऊन पाय गमावलेल्या कुणाल सिंग या शिपायाच्या दाव्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेतला. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली आणि त्या अनुषंगाने २०१६ चा कायदा आला. २०२१ साली विकास कुमार यांच्या दाव्यात न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या या उमेदवाराला परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. जुळवणीचा हक्क केवळ ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असणाऱ्यांपुरता नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेलंगणातील एस.टी.च्या एका चालकाचा दावा निकालात निघाला. रंगांधत्व आढळले म्हणून त्याला घरी पाठविण्यात आले होते; त्याच्याजोगे दुसरे काम आहे की नाही याचा महामंडळाने शोधच घेतला नाही, हा दोष न्यायालयाने दाखविला आणि त्याला योग्य काम देण्याचा आदेश दिला.

निकाल उत्तम आहेत. परंतु ते कोणाचे आहेत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. शिपाई, उमेदवार, महामंडळाचा चालक: सारे सरकारच्या वा सरकारी संस्थेच्या दारातील. २०१६ च्या कायद्यातील कलम २०, जे नोकरीतील भेदभावाला मनाई करते आणि जुळवणी देण्याची सक्ती करते, ते सरकारी आस्थापनांना उद्देशून आहे. खाजगी आस्थापनांना कायद्याने फार मऊ भाषेत सांगितले आहे. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावे. २०१७ च्या नियमांप्रमाणे ते संकेतस्थळावर, नाही तर दर्शनी जागी लावावे. वीसहून कमी माणसे असलेल्या आस्थापनेनेही निदान आपण देत असलेल्या सोयींचा उल्लेख त्यात करावा. कायद्याचा भंग करणाऱ्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढे ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आमच्या वाचकांना आम्ही एवढेच सुचवितो की, पुढच्या बाजारच्या दिवशी आपण ज्या दुकानांत, पतसंस्थांत, दवाखान्यांत, शाळांत जाल, तेथील भिंतीवर हे धोरण कोठे लावलेले दिसते का, ते पाहावे. देवदेवतांच्या तसबिरी दिसतील, क्रूस दिसेल, परवाना दिसेल. तो कागद दिसला तर आम्हाला मनापासून आनंद होईल.

येथे कोणी म्हणेल की, वऱ्हाडाला अपंगांच्या श्रमाविषयी काही शिकविण्याची गरज नाही. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीजवळ तपोवन उभे केले. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला आनंदवन वसविले. समाजाने ज्यांना गावाबाहेर टाकले त्या कुष्ठरुग्णांनी तेथे शेती केली, उद्योग चालविले, आणि झडलेल्या बोटांच्या हातांनाही काम देता येते हे जगाला दाखविले. दानाने माणूस दुबळा होतो आणि श्रमाने उभा राहतो, हा बाबांचा सिद्धांत सर्वांना पाठ आहे. आम्हीही त्या दोघांपुढे नतमस्तक आहोत. परंतु त्यांच्या प्रयोगाचा जो अर्थ आपण काढला तो सोयीचा होता. हत्यार हाताला जुळवून घेता येते, हे आनंदवनाने सिद्ध केले. ते सिद्ध झाल्यावर प्रत्येक जिनिंगमध्ये, प्रत्येक कार्यालयात त्याचा स्वीकार व्हावयास हवा होता. आपण मात्र तेथे शाळेच्या सहली नेल्या, सतरंज्या विकत घेतल्या, देणगीची पावती घेतली आणि परत आलो. त्या महात्म्यांना वेगळ्या वसाहती उभाराव्या लागल्या, कारण आपल्या बाजारपेठांनी दारे लावून घेतली होती. वसाहतीचे कौतुक करून दार लावलेलेच ठेवणे, हा त्यांच्या कार्याचा गौरव नव्हे.

असाच प्रकार संत गाडगेबाबांच्या संदेशाचा झाला. आमच्या अमरावती जिल्ह्याच्या या सुपुत्राने आपल्या दहा कलमी शिकवणुकीत अंध-पंगू-रोग्यांसाठी औषधोपचार सांगितला आणि बेकारांसाठी रोजगार. ही दोन्ही कलमे एकाच माणसाला लागू पडू शकतात, हे आपण विसरलो. जो अंध आहे तो बेकारही असू शकतो. आणि तेव्हा त्याला औषधापेक्षा रोजगाराची निकड अधिक असते.

ती निकड किती खरी आहे हे वझ्झरने दाखवून दिले. परतवाड्याजवळच्या या गावी शंकरबाबा पापळकरांनी बेवारस अपंग मुलांना आपले नाव देऊन वाढविले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची अंध मानसकन्या माला लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. वृत्तपत्रांनी त्याला चमत्कार म्हटले. आम्ही तसे म्हणणार नाही. चमत्कार म्हटले की पुढची जबाबदारी देवावर जाते. अभ्यास करून परीक्षा उत्तीर्ण होणे हे उमेदवाराचे काम आहे, आणि असे उमेदवार ते करीत आहेत. त्यांच्या पुढचे काम कार्यालयांचे आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून घडविली. ती विनामूल्य मिळते आणि मराठी वाचते. परंतु मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच वाचते. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली टिप्पणी किंवा छायाचित्र म्हणून साठविलेले परिपत्रक तिच्यापुढे कोरा कागद आहे. तेव्हा अंध लिपिकाला काम जमते की नाही, हे पुष्कळदा शेजारच्या टेबलावरील डोळस सहकारी कोणत्या फॉन्टमध्ये टंकतो यावर ठरते. अशा ठिकाणी अपंगत्व नेमके कोणाचे मानावयाचे?

आक्षेपांचा विचार केल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही. पहिला आक्षेप खर्चाचा. तो सर्वस्वी खोटा नाही. लिफ्ट बसविणे छोट्या दुकानदाराच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि म्हणूनच कायद्याने ‘प्रमाणाबाहेर भार’ हा शब्द ठेवला. परंतु भार प्रमाणाबाहेर आहे की नाही हे हिशेब मांडूनच ठरते. आपल्याकडे हिशेब न मांडताच नकार दिला जातो. लाकडी उताराची, तिवईची, फळ्यावर लिहिण्याची किंमत कोणी काढलेलीच नसते. दुसरा आक्षेप असा की, धडधाकटांनाच काम नाही, तेथे यांचे काय? याचा अर्थ टंचाईच्या काळात रांगेतून कोणाला बाहेर काढावयाचे, हे शरीर पाहून ठरवावे. दुष्काळात अन्न वाटताना आपण असे म्हणू का? तिसरा आक्षेप बनावट प्रमाणपत्रांचा. २०२४ साली त्याचा मोठा गाजावाजा झाला, आणि चौकशा झाल्याच पाहिजेत. कारण त्या लबाडीने जागा हिरावली जाते ती खऱ्या अपंगाचीच. परंतु जागेसाठी लबाडी होते, तिवईसाठी होत नाही. खोटे प्रमाणपत्र दाखवून कोणी टेबलाची उंची बदलून मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता आमच्या ख्रिस्ती वाचकांशी दोन शब्द. १९८१ हे संयुक्त राष्ट्रसंघाने घोषित केलेले अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. त्याच वर्षी पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी श्रमाविषयी ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ हे परिपत्र प्रसृत केले. त्याचे बाविसावे प्रकरण सर्वस्वी अपंग व्यक्ती आणि काम या विषयाला वाहिले आहे. पूर्ण कार्यक्षम माणसांनाच कामाच्या जगात प्रवेश देणे हे माणुसकीला न शोभणारे असून तो बलवानांनी दुर्बलांविरुद्ध केलेला भेदभाव आहे, असा त्यातील निःसंदिग्ध आशय आहे. चर्चच्या इतिहासातही अशी जुळवणी सापडते. सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेत इझाक जोग या येशूसंघीय धर्मगुरूची बोटे छळ करणाऱ्यांनी छिन्नविच्छिन्न केली. पवित्र भाकर अंगठा आणि तर्जनी यांनीच धरावी, असा त्या काळी दंडक होता. पोप आठवे उर्बन यांनी त्यांना त्या दंडकातून सूट दिली, आणि ते पुन्हा वेदीपाशी उभे राहिले. दंडक पवित्र विधीचा असूनही तो माणसासाठी सैल करता आला. मग हजेरीपटाचा, पाळीचा, गणवेशाचा नियम तेवढा अढळ का असावा?

शुभवर्तमानातील पक्षाघाती माणसाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. दारात गर्दी होती. चौघांनी त्याला छपरावर नेले, छप्पर उघडले आणि बाजेसकट खाली सोडले. या कथेवरील प्रवचने बहुधा त्या चौघांच्या श्रद्धेवर आणि नंतरच्या आरोग्यदानावर असतात. आम्हाला त्या छपराकडे लक्ष वेधावयाचे आहे. तो माणूस बरा होण्याआधी घर बदलले गेले. ‘तू आधी चालू लाग, मग आत ये’ असे त्याला कोणी सांगितले नाही. आणि घर मोडले म्हणून कोणाला दटावल्याची नोंदही तेथे नाही.

आपल्या धर्मप्रांतांच्या, संन्यस्त संघांच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे आणि पतपेढ्या गावोगावी आहेत. शेकडो माणसे त्यांत नोकरी करतात. कायद्यातील ‘आस्थापना’ या शब्दात न्यास आणि संस्था यांचाही समावेश आहे. अल्पसंख्याक असल्याने कलम २१ मधून कोणी सुटत नाही. तेव्हा समान संधीचे धोरण लावणारी वरूड परिसरातील पहिली भिंत एखाद्या ख्रिस्ती संस्थेची असावी, अशी अपेक्षा बाळगण्याचा आम्हाला अधिकार आहे. अपंग विद्यार्थ्यांना आपण प्रवेश देतो हे भूषणावह आहे; परंतु फळ्याजवळ उभा राहून शिकविणारा अपंग शिक्षक त्या विद्यार्थ्याने कधी पाहिला नाही, तर शिकून आपले पुढे काय होणार, हे तो तेथेच समजून जातो.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक संस्थेने धोरणाचा एक कागद लिहावा, तो भिंतीवर लावावा आणि त्याची प्रत राज्य आयुक्तांकडे नोंदवावी. कामावर अपंग झालेल्या माणसाला भरपाई देतानाच, तो परत कोणत्या कामावर येऊ शकेल, याची चर्चा त्याला समोर बसवून करावी. संत्र्याच्या प्रतवारी केंद्रांनी येत्या हंगामात एक टेबल, चार तिवया, पाण्याचे पिंप आणि कामाचा फळा एवढी तयारी करावी. सरकारी कार्यालयांनी युनिकोडशिवाय कागद काढू नये. आणि कामाला येणाऱ्या अपंग व्यक्तीला ‘तुम्हाला हे जमेल का’ असे विचारण्याआधी, ‘तुम्हाला हे जमावे म्हणून आम्ही काय बदलावे’ असे विचारावे. त्याचे उत्तर त्याच्याजवळ तयार असते. आयुष्यभर तो जगाशी स्वतःला जुळवून घेतच जगलेला असतो. त्या कामातील अर्धा वाटा आता आपण उचलावयाचा आहे.